आमटीचा टीडीएस

आमचा जुना फिल्टर बारा वर्षं चालला आणि ऐन मे महिन्यात, घरात नाशिकचे पाच पाहुणे असताना बसला. मेकॅनिक आला, झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय साहेब. आता नवाच घ्या." या वाक्याचे त्याने साडेतीनशे रुपये घेतले.

दुकानात गेलो. साधं पाणी प्यायला मिळावं एवढीच माझी इच्छा होती, पण दुकानदार लग्नाच्या पंगतीतले पदार्थ सांगावेत तसे टप्पे सांगायला लागला. सात टप्पे, आठ टप्पे, अल्कलाइनवाला घेतलात तर नऊ. आरओ म्हणजे पडद्यातून पाणी दाबून त्यातले क्षार काढतात. बरं. मग ते पाणी फारच बेचव होतं, म्हणून थोडं क्षारांचं पाणी त्यात परत मिसळतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणून त्याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात आणि त्याचे पैसे वेगळे. पुढचा मॉडेल कॉपरचा. "तांब्याचे गुणधर्म उतरतात सर." आजीचा तांब्याचा हंडा आम्ही २००३ साली किलोवर मोडीत घातला होता. ते आठवून बायकोने माझ्याकडे पाहिलं. हंडा मोडीत घालायची कल्पना माझी होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा 'फ्री डेमो'ला घरी आला. टाय, घाम आणि एक प्लास्टिकची पेटी. त्याने टेबलावर दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडल्या आणि प्लग लावला. मिनिटभरात आमचा ग्लास हिरवट झाला, मग विटकरी, मग वर काळपट साका. गणेशविसर्जनानंतरच्या हौदासारखा रंग. त्याचं पाणी मात्र जसंच्या तसं.

"हे तुम्ही रोज पिताय, काका," तो हळू आवाजात म्हणाला. दुखवट्याला आल्यासारखा. नाशिकच्या मेहुण्याने हातातलं भांडं खाली ठेवलं.

मी चेकबुक शोधायला उठलो होतो, खोटं कशाला सांगू. पण आई सोफ्यावर बसून हे सगळं बघत होती. आईने एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. ती उठली, ओट्यावरून मिसळणाचा डबा आणला आणि चिमूटभर मीठ त्या मुलाच्या शुद्ध ग्लासात टाकलं. "आता लाव रे बाळ."

"आजी, त्याची गरज नाही…"

"लाव."

लावलं. पाऊण मिनिटात त्याचंही पाणी विटकरी झालं. आई म्हणाली, "कांडी लोखंडाची आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडीचंच लोखंड सुटून गंजतं. घाण पाण्यात नव्हती, तुझ्या कांडीत होती. इलेक्ट्रोलिसिस. कितवीपर्यंत शिकलास?" तो बी.कॉम. निघाला. आईने त्याला पन्हं दिलं आणि जाताना कांड्या घासून पूस म्हणून सांगितलं.

त्यानंतर मी अडीचशे रुपयांचा टीडीएस मीटर मागवला, ही मात्र चूक झाली. घरात जे जे पातळ होतं ते ते मी मोजलं. नळाचं पाणी ७४. माठातलं ७९. कुंडीखालच्या ताटलीतलं सांगत नाही. आमटीत बुडवला तर मीटरने आकडाच दाखवायचा सोडला आणि आईने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. एक शोध मात्र लागला. पाण्यात चार चमचे साखर विरघळवली, आकडा तेवढाच! म्हणजे या यंत्राला क्षार कळतात, गोड कळत नाही. जंतूही कळत नाहीत. नळाच्या लाइनीत ड्रेनेज शिरलं तरी हा सज्जनासारखा आकडा दाखवत बसेल.

आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत. आणि आमचं ७४! पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला या धरणांचं पाणी, म्हणजे सह्याद्रीत पडलेला पाऊसच तो, त्याला क्षार धरायला वेळ कुठे मिळतो? ते काढायला आरओ लावायचा, म्हणजे टक्कल असलेल्याने केस कापायला जायचं. शिवाय एक लिटर प्यायला मिळतं तेव्हा साधारण तीन लिटर मोरीत जातं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओला बंदी घाला. ती बातमी आमच्या दुकानदाराने वाचली नसावी. त्या दिवशी पेपर आला नसेल.

लातूर-बीडकडे, जिथे बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर बसतो, तिथे आरओ घ्यावा, त्याबद्दल वाद नाही. आमच्याही सोसायटीत मेमध्ये पंधरा दिवस टँकर येतो. तो मोजला, ६१०. पण पंधरा दिवसांसाठी वर्षभर तीन-तीन बादल्या ओतायच्या? शेवटी यूव्हीचा घेतला, आरओच्या निम्म्या किमतीत. त्याच्या दिव्याने जंतू मरतात, फक्त पाणी नितळ लागतं. गढूळ पाण्यात जंतू गाळाच्या आड लपून बसतात. म्हणून आधी गाळाची जाळी. पावसाळ्यात ती महिन्याला चहाच्या रंगाची होते.

आई अजूनही यूव्हीचं पाणी उकळते, मग फडक्यातून गाळते, मग माठात ओतते. "दिवा लागतो म्हणजे चालतोच असं थोडंच आहे?" विज्ञान शिकवलेल्या बाईशी कोण वाद घालणार.

तेव्हा तुमच्याकडे टाय लावलेला कुणी पेटी घेऊन आला, तर मीठ तयार ठेवा. आणि आरओची पावती फाडायच्या आधी टीडीएस तेवढा मोजा. मीटर आमच्याकडे आहे, खुशाल घेऊन जा. फक्त आधी धुऊन घ्या, त्याला आमटी लागलीय.