चौथ्या मजल्यावरची फुलांची कॉफी

वहिनी, आहात का आत? या जरा कठड्यापाशी. हवा बघा काय मस्त सुटलीय. थंडीचे चार महिने काय ते बाल्कनीत उभं राहता येतं, पुढे मे उजाडला की काच सरकवायलाही हात धजत नाही. इथं शारजात बाल्कनीत कपडे वाळत घातले तर नगरपालिका दंड करते, गप्पा मारल्या तर अजून तरी करत नाही. तेवढं साधून घ्यावं.

चौथ्या मजल्यावरचं ऐकलंत? नाही? अहो, शनिवारी त्यांच्याकडे ब्रंच होता ना. आधी आठवडाभर ग्रुपवर फोटो काय, रंगाची थीम काय! आणि खास आकर्षण म्हणजे ‘हिबिस्कस लाटे’. दुबईतल्या देऱ्याच्या मसाल्यांच्या बाजारातून सुकवलेल्या करकदेची पिशवी आणली होती बाईंनी. लालभडक काढा उकळला, त्यात कॉफी ओतली आणि वर गरमागरम दूध. क्षणात फाटलं! सगळ्या बायका कपात बघतायत आणि ह्या म्हणतात, “असंच असतं ते, टेक्सचर आहे.” टेक्सचर कसलं हो, पनीर ते! मी काही बोलले नाही. साबुदाणा वडा तोंडात होता.

खरं सांगू का, करकदे म्हणजे आपली लाल अंबाडीच. विदर्भात तिच्या बोंडांचं सरबत करतात, चटणी करतात. आता अंबाडीत दूध ओतायला कुणी आपल्या आईला सांगितलं असतं तर तिने आपल्याच कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं असतं. पण तीच अंबाडी इंग्रजी नाव लावून आली की आपली अक्कल जरा बाजूला बसते.

नाही नाही, मी फुलांच्या कॉफीच्या विरुद्ध नाही हं. मला आवडते. दुबईत कॅफेत बसलं तर एका कपाला 25-30 दिरहम सहज जातात, रुपयांत गुणाकार करायचाच नाही, घास उतरत नाही. घरी केली तर गुलाबपाण्याची एक बाटली महिनोन् महिने पुरते. आणि हल्ली ब्रंच घरोघरी आहेच. पूर्वी कसं, ब्रंच म्हटलं की शुक्रवार. 2022च्या जानेवारीपासून सरकारने शनिवार-रविवार सुट्टी केली, शुक्रवार अर्धा. आपल्या शारजात तर सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारसकट तीन दिवस. आमच्या ह्यांची नोकरी पडली पलीकडे दुबईत, त्यामुळे सरकार तीन दिवस देतं आणि आमच्या घरात दोनच पोचतात. दुबईतल्या हॉटेलांचे ते लांबलचक ब्रंचही शनिवारवर आले. शारजात दारू नाही, त्यामुळे आपल्याकडे मिरवायचं तर चहा-कॉफीवरच मिरवायचं. मग चौथा मजला मिरवतो.

पण मला गंमत वाटते ती वेगळीच. ह्या सगळ्याजणी फुलांची कॉफी फोनवरच्या कुठल्या कुठल्या परदेशी बायकांकडून शिकतात. अहो, ज्या देशात राहतो तिथे हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय! गहवा प्यायलात ना तुम्ही? हलक्या भाजलेल्या बिया, भरपूर वेलची, कुणी केशर घालतं, कुणी गुलाबपाणी. एक दिरहमचं नाणं काढा बघू पाकिटातून, त्याच्यावर जे चोचीचं भांडं आहे ना, ती दल्ला, ह्याच कॉफीची. 2015 साली युनेस्कोने अरबी कॉफीची परंपरा आपल्या यादीत घेतली, अमिरात, सौदी, ओमान आणि कतार ह्या चौघांची मिळून. पाहुणचार असा, की फिंजान म्हणजे तो बिनकानाचा कप, तो काठोकाठ भरत नाहीत, तळाशी थोडीशीच ओततात. संपली की पुन्हा ओततात. पुरे झालं की कप हातात हलवायचा. आपल्यासारखं “नको नको” म्हणत बसलात तर बसा पीत. आणि साखर नाही हं त्यात, गोडाला खजूर.

आता ह्यातलीच मेख ऐका. फुलाचा वास कॉफीत टिकतो तो बी हलकं भाजलेलं असतं म्हणून. आपण काय करतो, काळीकुट्ट भाजलेली पूड घेतो नाहीतर चिकोरी घातलेली, आणि मग म्हणतो गुलाब लागतच नाही. लागेल कसा? कडूपणा सगळं गिळून टाकतो. त्या खालच्या मल्याळी ताईंची फिल्टर कॉफी मला जीव की प्राण, पण गुलाबासाठी ती नाही. मध्यम भाजलेली घ्यायची.

मशीन? मशीन कशाला? मोका पॉट असला तर उत्तम, नसला तर दोन चमचे इन्स्टंट अर्ध्या वाटीहून कमी गरम पाण्यात. कपाला पन्नास-साठ मिली कडक कॉफी पुरते, दूध त्याच्या तिप्पट. दूध पूर्ण सायीचं, आणि उकळायचं नाही. साठ-पासष्ट अंशांना थांबायचं, म्हणजे भांड्याला हात लावला तर चटका बसतो पण बुडबुडे दिसत नाहीत. उकळलं की फेस धरत नाही आणि चवही तापवलेल्या दुधाची येते. फेसाला फ्रेंच प्रेसमध्ये दूध घालून दांडा वरखाली करा. तोही नको असेल तर आपली रवी आहे की! ताक घुसळतात त्या बाईला फेस कुणी शिकवायचा?

गुलाबपाणी सगळ्यात शेवटी. अर्धा चमचा एका कपाला, पहिल्यांदा करताय तर पाव. गॅसवर चढवलंत की त्याचा वास स्वयंपाकघरभर जातो आणि कपात उरतं नुसतं पाणी. बाटली घेताना मात्र चष्मा लावा. इथं फडताळात गुलाबाची आणि नारिंगाच्या फुलांच्या पाण्याची बाटली शेजारी शेजारी असते, लेबलं सारखीच. नारिंगाचंही वाईट नाही. लेबनॉनी लोक ते नुसत्या गरम पाण्यात घालून पितात, कॉफीचा कणही नाही, आणि नाव मात्र पांढरी कॉफी! ओमानच्या जबल अखदरचं गुलाबपाणी मिळालं तर ते आणखी कमी घाला. जुन्या पद्धतीने मातीच्या भट्टीवर काढलेलं असतं, त्याला धुराचा वास असतो. मला तोच आवडतो, आमच्या ह्यांना अजिबात नाही.

आणि ते लाल गुलाब सरबत? कॉफीत नको. थंड दुधात चालून जातं, पण त्यात बहुतेकदा सायट्रिक अ‍ॅसिड असतं, कॉफीही मुळात आंबटच. दोघं मिळून गरम दुधाला धरतात, आणि मग पुन्हा चौथा मजला. गोडच हवं तर गावाहून आणलेला गुलकंद आहे ना? चमचाभर गरम कॉफीत विरघळवा, गाळा, मग दूध. पाकळ्या दातात येत नाहीत आणि वेगळी साखर लागत नाही.

लॅव्हेंडर? तो घालतात खरा, पण चिमटीपेक्षा जास्त पडला की थेट साबण. त्याच्या वासातलं जे लिनालूल, तेच साबणा-अत्तरांत असतं, मग जिभेला वेगळं काय वाटणार? केवडा तर मुळीच नाही. बिर्याणीत ठीक आहे. कॉफीत पडला की मला मखरात बसल्यासारखं वाटतं.

खायला काय ठेवायचं हाही प्रश्नच. मिसळीबरोबर ही कॉफी म्हणजे दोघींचं भांडण, तिथे आपला चहाच बरा. थालीपिठाचंही तसंच. नानखटाई ठेवा, साधा रव्याचा केक ठेवा, नाहीतर खलास जातीचा खजूर, आणि मग कॉफीत साखर घालूच नका. इथल्या लोकांना हे आधीच कळलंय.

काय म्हणता, चौथ्या मजल्याला सांगू? अहो, मी कशाला सांगू! तुम्ही सांगा, तुमचं त्यांच्याशी चांगलं आहे. अंबाडीचं तेवढं हळूच सांगा, माझं नाव न घेता. आणि हे बघा, येत्या शनिवारी अकरा वाजता माझ्याकडे या, त्यांनाही आणा. येताना काही आणायचंच असेल तर खजूर आणा, फूल कुठलंही आणू नका.