दहा हात, तीन ओळी

हेदवीच्या दशभुजा गणेशाला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्र वठवायचा खेळ खेळायला बसवलं, तर पात्राचा कागद भरतानाच घोडं अडेल. 2014 च्या आवृत्तीच्या छापील कागदावर शस्त्रांसाठी ओळी तीन. उरलेल्या हातांनी समासात लिहावं.

या कागदाची खरी गंमत आकड्यांत आहे. बळ 16 असलं तर खेळताना लागतो तो त्यावरून काढलेला +3. मूळ 16 एरवी शोभेला. तरी दोन्हींना जागा, कारण 1974 पासून हा मूळ आकडा देणारी तीन फाशांची बेरीज पवित्र मानलेली. उलट प्राणशक्तीचा आकडा दर घावाला बदलतो. खोडरबराने तिथे कागदाला भोक पडतं.

आपण हसू नये. आपल्या पत्रिकेत गुण 36. त्यातले 8 एकट्या नाडीचे, वर्णाला 1. निम्मे, म्हणजे 18 जमले की बोलणी पुढे. (तीन फाशांची कमाल बेरीजही 18च. गुरुजींनी यावर विचार करावा.) शिवाय बायोडेटात ‘अपेक्षा’ नावाची एक ऐसपैस मोकळी जागा असते, आणि तिथे सगळे एकच शब्द लिहितात: अनुरूप.

भरतीला पाणी उसळणाऱ्या हेदवीच्याच बामणघळीपासून किती लांब उभं राहावं, ही समज खेळात ‘शहाणपण’ म्हणून मोजता येते. चढण्याचं कसबही तिथे ‘अ‍ॅथलेटिक्स’च्या रकान्यात बसतं, म्हणजे माडावर सरसर चढणारा भाव खाऊन जाईल. आपल्या कागदावर तो ‘व्यवसाय: शेती’ एवढ्यात आटपतो, आणि मुलीकडचे पुढचा कागद उघडतात.