आज किती इंच?

मुलाकडे सहा महिने अमेरिकेत राहून आलेला ज्येष्ठ नागरिक प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच, तेव्हा त्याची ओळख करून देत बसत नाही. तिथे हॉर्न कुणी वाजवत नाही हे तो लिफ्टमध्ये सांगतो, नायगाराचे फोटो दाखवतो, बदामाच्या पुड्या वाटतो. पंधरा दिवसांत जेट लॅग उतरतो, पाठोपाठ अमेरिकाही उतरते, आणि माणूस पुन्हा कात्रज डेअरीच्या पिशव्या आणायला लागतो.

आमच्या सी विंगच्या काकांची अमेरिका उतरलीच नाही, कारण ते भलत्या ऋतूत गेले. सगळे मे महिन्यात जातात. काका नातवाच्या जन्मासाठी नोव्हेंबरात गेले, तेही सिरॅक्यूजला. न्यूयॉर्क राज्यातलं हे गाव ऑन्टारिओ सरोवराच्या वाऱ्याच्या तोंडी बसलंय. थंड वारा सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून येतो, वाटेत वाफ उचलतो आणि गावावर बर्फ करून ओततो. वर्षाची सरासरी शंभर इंचांच्या वर. १९९२-९३ च्या हिवाळ्यात तर १९२ इंच. "म्हणजे सोळा फूट," काका सांगतात आणि आमच्या इमारतीकडे बोट करतात. "दीड मजला. तळमजला गेला, पहिल्या मजल्याच्या खिडक्या गेल्या." पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या जोशीबाई प्रत्येक वेळी दचकतात.

तर त्या गावात काकांच्या हाती मुलाचा विजेवर चालणारा स्नो ब्लोअर लागला, आणि त्यांचं जगाकडे बघायचं मापच बदललं. तेव्हापासून ते सगळं इंचात मोजतात.

"काका, स्वारगेटला निघालोय, चौकात गर्दी आहे का?"

"आठ इंच. ओला."

याचा अर्थ आता अख्ख्या सोसायटीला कळतो. कोरडा बर्फ म्हणजे नुसत्या दुचाक्या. फुंकर मारली की बाजूला होतात. ओला म्हणजे कंटेनर, उसाचे ट्रॅक्टर आणि घाटातून उतरलेल्या एसट्या. तो यंत्राच्या तोंडाला चिकटतो, तिथे घाई करायची नाही. लग्नाला जाऊन आले की "हॉलमध्ये सहा इंच होता, पण जेवणाच्या पंगतीला बारा." सोसायटीच्या वार्षिक सभेला तीन इंच. गणपतीच्या आरतीला पहिल्या दिवशी पाच, सातव्या दिवशी "नुसता भुरभुरला." सेक्रेटरींच्या मुलाला बारावीत किती पडले हे त्यांनी इंचात सांगितलं नाही एवढंच, पण आकडा ऐकून "प्लाऊ बोलवावा लागेल" असं पुटपुटलेलं मी ऐकलंय.

प्लाऊचं प्रकरण तर स्वतंत्र. तिथे नगरपालिकेचा बर्फ ढकलणारा ट्रक रस्ता साफ करत जातो आणि जाता जाता सगळा घट्ट, मिठाळ, चिखलाचा ढीग तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी लावून जातो. तासभर राबून तुम्ही अंगण लख्ख केलेलं असतं, कॉफीचा कप हातात घेतलेला असतो, तेवढ्यात हा येतो. काकांचं सगळं तत्त्वज्ञान त्या ढिगातून निघालंय. "ड्राइव्हवे सगळा साफ होतो हो. शेवटचे तीन फूट छळतात." हे वाक्य त्यांनी पुनर्विकासाच्या करारावर, एका ठरत आलेल्या सोयरिकीवर आणि माझ्या घरकर्जाच्या उरलेल्या हप्त्यांवर म्हटलेलं आहे. तिन्ही ठिकाणी ते खरं निघालं. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

काका वीज मंडळातून निवृत्त झाले. मंडळाचं २००५ साली विभाजन होऊन महावितरण झालं, पण काका 'मंडळ' म्हणतात. त्यामुळे यंत्र सांगताना ते थांबत नाहीत. पुढच्या रुंद तोंडात मळसूत्री ऑगर आडवा फिरतो, त्याच्या कडांना रबराच्या पट्ट्या. तो बर्फ आत ओढतो आणि वरच्या वळवता येणाऱ्या नळकांड्यातून बाजूला भिरकावतो. पेट्रोलच्या मोठ्या यंत्रात ऑगरमागे फेकायला आणखी एक पंखा असतो, म्हणून ते दोन टप्प्यांचं. मुलाचं एका टप्प्याचं, बॅटरीवरचं, एका फेरीत वीस इंच पट्टा काढणारं. वाऱ्याच्या दिशेला फेकायचं, नाहीतर सगळा बर्फ आपल्याच मफलरमध्ये. लिथियमची बॅटरी थंडीत मान टाकते, म्हणून ती गॅरेजमध्ये ठेवायची नाही. सिरॅक्यूजला ती रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर, विरजण लावलेल्या भांड्याशेजारी असे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळकांडं तुंबलं तर यंत्र बंद करायचं आणि तरीही "हात घालायचा नाही, काठी घालायची." हे ते इतक्या कळकळीने सांगतात की ऐकणारा माणूस कात्रजमध्ये उभा राहून, ३८ डिग्रीत, नकळत आपली बोटं मोजतो.

या यंत्राचा इतिहासही त्यांनी काढलाय. कॅनडाच्या क्वेबेकमधल्या आर्तूर सिकार या माणसाने १९२५ साली पहिला स्नो ब्लोअर बनवला आणि दोन वर्षांनी मॉन्ट्रियलशेजारच्या उत्रमाँ गावाला विकला. कल्पना सुचली ती शेतातलं मळणी यंत्र बघून. काकांचं मूळ गाव भोर तालुक्यात, घरी भातशेती. "मळणी यंत्र!" ते छातीवर हात ठेवून म्हणतात. "म्हणजे मूळ विद्या आपलीच की." यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

परत आल्यावर काका तपकीर गल्लीत गेले आणि वायरचा एक हातातला ब्लोअर घेऊन आले. बर्फ नाही तर नाही, पाला तर आहे. आमच्या गेटपासून पार्किंगपर्यंत उताराचा सिमेंटचा रॅम्प आहे. त्याला सगळे रॅम्पच म्हणायचे, काकांनी त्याचा ड्राइव्हवे केला. कडेला सोनमोहराची दोन झाडं. उन्हाळ्यात त्यांची फुलं पडली की रॅम्प सकाळी पिवळाधमक होतो. काका साडेसहाला खाली येतात, वाकून बोटाने थर बघतात, "पाव इंच, कोरडा," असं जाहीर करतात आणि यंत्र सुरू करतात. मग जे होतं ते ए विंगला विचारा. फुलं उडून ए विंगच्या गाड्यांवर बसतात आणि खालची धूळ उठून ए विंगच्या वाळत घातलेल्या चादरींवर. झाडणाऱ्या मावशी खराटा भिंतीला टेकवून शांतपणे बघत असतात. काकांचं झालं की म्हणतात, "काका, तुम्ही उडवलंत ना? आता मी गोळा करते."

सिरॅक्यूजला एकेकाळी मिठाचा मोठा उद्योग होता, आजही त्याला 'सॉल्ट सिटी' म्हणतात. बर्फ काढून झाला की रस्त्यावर मीठ टाकायचं, म्हणजे उरलेलं पाणी गोठत नाही. हे ज्ञान वाया जाऊ नये म्हणून काकांनी एका जुलैमध्ये रॅम्पवरच्या शेवाळावर पाच किलो खडे मीठ पसरलं. शेवाळ गेलं की नाही ते सांगता येणार नाही, कारण त्या रात्रीच्या पावसाने मीठ वाहून थेट जोशीबाईंच्या अळवाच्या वाफ्यात गेलं. अळू आठवड्यात आडवं झालं. काकांनी नवीन कांदे आणून लावून दिले, पण जोशीबाई अजून फतफत्याचा विषय निघाला की वर, तिसऱ्या मजल्याकडे बघतात.

त्यांच्या कीर्तीचा परमोच्च क्षण एका एप्रिलात आला. दुपारी घाटाच्या बाजूने काळे ढग उतरले आणि गारा सुरू झाल्या. चांगल्या बोराएवढ्या. दहा मिनिटांत रॅम्प पांढरा. पोरं ओरडत खाली धावली, त्यांच्यामागून काका आले, अंगात सिरॅक्यूजचं जाडजूड जाकीट, त्याला डांबरगोळ्यांचा वास, एका हातात ब्लोअर, दुसऱ्यात एक्स्टेन्शन बोर्ड, खिशात लाकडी फूटपट्टी. त्यांनी उकिडवं बसून फूटपट्टी उभी रोवली. सगळी सोसायटी बाल्कनीत श्वास रोखून.

"पाऊण इंच!"

टाळ्या पडल्या, खोटं कशाला सांगू. पण मंडळातला माणूस. पाऊस पडत असताना, ओल्यात, वायर ओढायची नाही हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. ते पोर्चखाली उभे राहिले. पाऊस थांबायची वाट बघत. पाऊस थांबला तेव्हा निम्म्या गारा पोरांनी खाल्ल्या होत्या आणि उरलेल्यांचं पाणी झालं होतं. मावशींनी खराट्याने ते गटारीकडे लोटलं. काका जाकिटाची चेन उघडत म्हणाले, "घनता मात्र चांगली होती."

न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागातल्या पाच शहरांत दर हिवाळ्यात कुणाकडे जास्त बर्फ पडतो याची चुरस असते. जिंकणाऱ्याला 'गोल्डन स्नोबॉल'. रॉचेस्टर आणि बफेलो असतात, पण चषक बहुधा सिरॅक्यूजलाच. काकांना हे गणपती मंडळांच्या देखावा स्पर्धेइतकं सहज समजलं. त्यांनी वहीत हिशेब मांडलाय. एक इंच पाण्याचा साधारण दहा इंच बर्फ होतो. पुण्याचा वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या वर, म्हणजे अठ्ठावीस इंच धरा. त्याचा बर्फ केला तर दोनशे ऐंशी. "सिरॅक्यूजचा विक्रम एकशे ब्याण्णव!" ते वही मिटतात. "आपण हरवू त्यांना. फक्त तापमान साथ देत नाही." पुण्याचा पारा १९३५ च्या जानेवारीत १.७ अंशांपर्यंत उतरला होता, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्या १.७ बद्दल ते एक धाव कमी पडून हरलेल्या सामन्याबद्दल बोलावं तसं बोलतात.

हे सगळं मी अनेकदा हसण्यावारी नेलं, टाळलं, जिना बदलून गेलो. मग एकदा काका खाली रॅम्पवर असताना काकूंनी चहा देता देता सांगितलं.

तिथे गेल्यावर काकांना काही कामच नव्हतं. गाडी चालवता येत नाही. फोन इंग्रजीत. बाळाला घेतलं तर "हात धुतले का बाबा?" डिशवॉशर लावला तर सून नंतर येऊन सगळी भांडी काढून पुन्हा लावायची, प्रेमानेच, पण लावायची. ज्या माणसाने पानशेतच्या वाटेवर पावसात खांबावर चढून अर्ध्या तालुक्याचे दिवे आणले, तो सोफ्यावर मोबाइलमध्ये कात्रजची बातमी शोधत बसायचा. मग पहिला मोठा बर्फ पडला. मुलाची सकाळची पाळी. काका पहाटे पाचला उठले, यूट्यूबवर पाहिलं आणि ड्राइव्हवे काढून ठेवला. मुलगा निघताना म्हणाला, "बाबा, आज तुमच्यामुळे वेळेवर पोचतोय."

हे वाक्य काका कुणालाही सांगत नाहीत. बाकी सगळं सांगतात.

शेजारी एकटी म्हातारी राहायची. काकांनी तिचाही ड्राइव्हवे काढायला सुरुवात केली, तिचा आधी आणि मग घरचा. तिने डब्यातून केळ्याचा केक पाठवला. डबा रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून काकूंनी त्यात चिवडा भरला. पुढच्या बर्फाला डबा परत आला, त्यात कुकीज. एप्रिलपर्यंत तो डबा कधी रिकामा गेला नाही. दोघांमध्ये बोलणं असं झालंच नाही. ती खिडकीतून हात करायची, हे मफलरमधून. तिने एकदा बोटांनी सहा दाखवलं, यांनी मान हलवून आठ दाखवलं. इंचाची भाषा तिथली आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

यंदा मुलाची नोकरी बदलली. फिनिक्सला, वाळवंटात. काकांनी आम्हाला महिनाभर कळू दिलं नाही. कळलं तेव्हा मी नाइलाजाने, दुसरं काही सुचेना म्हणून विचारलं, "तिथे किती इंच?"

"सात," काका म्हणाले. "वर्षाला. पावसाचे."

सिरॅक्यूजचं घर विकलं, यंत्र घराबरोबर नव्या मालकाला दिलं. मुलाने ते असंच जाता जाता फोनवर सांगितलं. त्या रविवारी काका फुलस्केपचे दोन कागद घेऊन माझ्याकडे आले. नव्या मालकासाठी सूचना, इंग्रजीत, मंडळाच्या परिपत्रकासारख्या क्रमांक घालून. स्पेलिंग तपासून द्या म्हणाले. बॅटरी ओट्यावर. वाऱ्याच्या दिशेला फेकणे. हात नाही, काठी. शेवटचे तीन फूट थराथराने काढणे, एकदम तोंड घालू नये. सातव्या क्रमांकाला फक्त एवढंच होतं की शेजारच्या बाईंचा ड्राइव्हवे आधी काढावा, डबा आल्यास रिकामा परत करू नये. मी पाच-सहा स्पेलिंगं सुधारली, सातव्याला हात लावला नाही.

खाली त्यांनी आपला फोन नंबर दिला होता आणि पुढे कंसात, सवयीने, दुपारी १ ते ४ सोडून.

"काका, तो माणूस बर्फ काढायला पहाटे पाचला उठणार," मी म्हटलं. "तेव्हा आपले दुपारचे साडेतीन वाजलेले असतात."

काकांनी बराच वेळ कागदाकडे बघितलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तो कंस खोडून टाकला.