अर्ध्या घासावरचा मासा

माशानं गरी पोटापर्यंत गिळली तर देवगडात कुणी हळहळत नाही. उलट बरं झालं म्हणतात. आता सुटायची भीती नाही, बाकीचं विळीवर बघू. असल्या गावातून आमचे मामा उन्हाळ्यात कोलोरॅडोला आले आणि ट्राउटनं गरी गिळू नये म्हणून काय करावं, यावर माझ्या शेजाऱ्याचं भलंमोठं व्याख्यान त्यांना ऐकावं लागलं. दुभाषा मी. व्याख्यान संपल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं. ‘‘ह्येची टकली ठिकाणार आसा मां?’’

शेजाऱ्याची टकली ठिकाणावर होती. इथे दिवसाला ४ ट्राउट घरी न्यायची मुभा. पुढचे सगळे परत पाण्यात, आणि परत सोडलेला मासा जगला पाहिजे हे त्यात गृहीत. गरी ओठात अडकली तर दोन बोटांनी काढता येते. घशाला मात्र कल्ले अगदी खेटून असतात, आणि कल्ल्यातून रक्त सुरू झालं की तो मासा सोडला काय नि ठेवला काय, सारखंच.

नदीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून पिसांची खोटी माशी फेकणारे लोक गांडूळवाल्यांकडे नाक वर करून बघतात, ते काही अगदीच उगाच नाही. खोटी माशी ट्राउट तोंडात घेतो, चव नाही म्हणून लगेच थुंकतो. त्या क्षणात ओढलं तरच मासा लागतो, आणि लागतो तो बहुधा ओठाला. गांडूळ मात्र खरंच गांडूळ असतं. ते थुंकायचं कशासाठी? म्हणजे फसवणूक झाली तर मासा वाचतो आणि अस्सल जेवण मिळालं तर मरतो. तरी गांडुळाचं घराणं काही हलकं नाही. १६५३ साली आयझॅक वॉल्टननं इंग्लंडात मासेमारीवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिलं, त्यात गांडुळं शेवाळात ठेवून कशी कणखर करावीत याचीसुद्धा कृती आहे. हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मगे? साहेबाक काम काय होता?’’

डेन्व्हरच्या पश्चिमेला डिलन नावाचा मोठा जलाशय आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ९,००० फुटांवर. आम्ही तिथे गरवायला गेलो. काठावर घडीच्या खुर्च्यांची रांग होती. प्रत्येक खुर्चीपुढे जमिनीत रोवलेल्या बेचक्यात एक काठी, शेजारी थंड पेयांची पेटी आणि खुर्चीत डोळे मिटलेला मालक. दोरीला भोक पाडलेलं शिसं असतं. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी त्या भोकातून सरकत जाते, वजन म्हणून त्याला लागत नाही. शंका यायचं कारणच नाही, तेव्हा तो चालता चालता गिळत राहतो. मालकाला जाग येईपर्यंत गरी जठरात. शेजाऱ्याचं ठाम मत असं, की गरी किती खोल जाणार हे मासा ठरवत नाही, खुर्ची ठरवते.

त्यावर त्याचा उपाय सोपा. काठी हातात धरायची, दोरी ताठ ठेवायची आणि पहिल्या टुचकीला ओढायचं. हा उपाय मामांच्या धर्मात बसेना. ‘‘खांव दे. बरो खांव दे,’’ हे त्यांचं आयुष्यभराचं तंत्र. दारात आलेल्या पाहुण्याला पानावर बसवून पहिल्याच घासाला हात धरून उठवायचं, हे कोकणातल्या माणसाला कसं जमावं? दोरी थरथरायची, शेजारी ‘आत्ता! आत्ता!’ ओरडायचा, आणि मामा यजमानाच्या तृप्त चेहऱ्यानं थांबून राहायचे.

मग शेजाऱ्यानं गोल गरी काढली. हिचं टोक आतल्या बाजूला, दांड्याकडे वळलेलं असतं. माशानं गिळली तरी दोरीचा सावकाश ताण आला की ती घशातून घसरत बाहेर येते आणि वळताना जबड्याच्या कोपऱ्यात बसते. अट एकच, हिसडा द्यायचा नाही. नुसतं रीळ फिरवायचं. पॅसिफिकमधल्या बेटांवरचे लोक हाडाशिंपल्यांच्या अशाच गऱ्या करत, हे कळल्यावर मामांचा विरोध निम्मा झाला. ही अक्कल अमेरिकेची नसून दर्यावर्द्यांची आहे एवढं ठरलं, की त्यांना शिकायला हरकत नव्हती.

हिसड्याची अट मात्र राहिली. साठ वर्षं हिसडा दिलेला हात तो. गोल गरी दर वेळी माशाच्या तोंडातून अल्लाद बाहेर यायची, स्वच्छ धुतल्यासारखी.

मामा पुन्हा साध्या गरीवर आले आणि एका ट्राउटनं ती थेट खाली उतरवली. मासा वीतभरसुद्धा नव्हता. मामांनी पकड मागितली. शेजाऱ्यानं कात्री दिली. खोल गेलेली गरी उपसत बसण्यापेक्षा तोंडाशी दोरी कापून मासा सोडला तर तो जगण्याची शक्यता जास्त, हे अभ्यासकांनी मासे टाक्यांत ठेवून पाहिलेलं आहे. कित्येक मासे पुढे ती गरी टाकूनही देतात. शिवाय धरण्याआधी हात ओले करायचे, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग जडतो. हे भाषांतर करताना माझा आवाज जरा पडला, कारण मासा निसटू नये म्हणून हाताला राख लावणाऱ्या घरात मी वाढलोय.

‘‘म्हणजे,’’ मामा म्हणाले, ‘‘मासो आमचो, गरी आमची, आणि दोनय सोडून देवचे?’’

देवचे. त्यांनी सोडले. चार माशांचा कोटा मात्र पुरेपूर भरला. तिरफळं ते देवगडाहून घेऊनच आले होते. कढी झाली, आणि गोड्या पाण्यातला मासा पुळपुळीत असतो, असा निकालही लागला.

जाताना शेजाऱ्यानं गोल गऱ्यांचं एक पाकीट भेट दिलं. परवा मामांचा फोन आला. खाडीत गोल गरीला शिंगाळे लागतात, आमिष खातात आणि जातात. पाकीट त्या दुकानात परत घेतील का, असं विचारत होते. फोडलेलं आहे, दोन गऱ्या कमी आहेत, पण बाकीच्या अगदी नव्या आहेत म्हणाले. एकाही माशानं तोंड म्हणून लावलेलं नाही.