सहा वॅटवाले आप्पा

साताऱ्यात शाहूपुरीत जा नाहीतर गोडोलीत, घराचं काम काढलेल्या प्रत्येक गल्लीत एक आप्पा सापडतातच. निवृत्त, चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. १९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पाचं धरण यांच्याच जिल्ह्यात. पण आप्पा विजेकडं बघतात ते स्वतःच्या बरणीतल्या तुपाकडं बघावं तसं.

निजायच्या खोलीत ६० वॅटचा पिवळा बल्ब होता. उडत नाही तोवर बदलायचा कशाला, हे त्यामागचं धोरण. अखेर तो उडाला, त्याच महिन्यात पीओपीचं छत करायचं ठरलं, आणि छतात बसवायचे दिवे निवडायची कामगिरी आप्पांनी कुणी न देता स्वीकारली. दुकानात ते आधी किंमत विचारत नाहीत. "खातो किती?" हा पहिला प्रश्न.

"सहा वॅट, आप्पा."

"सहाच? मग बारा द्या!"

दहा बाय बाराच्या खोलीत बारा. दुकानदारानं सांगून पाहिलं, की वॅट म्हणजे खर्च, उजेड मोजायचा लुमेनमध्ये. वॅटला ऐंशी-नव्वद लुमेन धरले तरी चार-पाच दिव्यांत भागतं. झोपायच्या खोलीला ३००० केल्विनचा पिवळसर उजेड बरा. आणि उशीच्या बरोबर वर भोक पाडू नका, उताणं झोपलं की दिवा थेट डोळ्यांत. आप्पांनी ६५०० केल्विनचे पांढरेफेक उचलले. पैसे तेवढेच पडतात तर पिवळा का घ्यायचा? वायरमन म्हणाला, तीन बटणं करू, लागतील तेवढेच लावता येतील. आप्पांनी एकच ठेवलं. वायर वाचली.

बारा सक बहात्तर हे आप्पांना येत नाही असं नाही. पण काटकसरी माणूस हिशोब नगावर थांबवतो, गुणाकारापर्यंत जात नाही, हे मी पुष्कळांचं पाहिलंय. रोज पाच तास धरले तर जुना बल्ब महिन्याला नऊ युनिट घ्यायचा. ही नवी बचत जवळजवळ अकरा घेते. रात्री चष्मा शोधायला आप्पा बटण दाबतात, तेव्हा काकू उठून बसतात आणि विचारतात, "ऑपरेशन कुणाचं हाय?"

सांगलीचे साडू खोली बघायला आले. आप्पांनी झगझगाट केला आणि छाती पुढं काढली. "बघा पाहुणं, ही वीज आमच्या कोयनेची."

"व्हय की," साडू डोळ्यांवर हात धरून म्हणाले. "वीज तुमची. अन् धरणाचं पाणी सोडलं की आयर्विन पुलापाशी फूट मोजायचे आम्ही."

काकूंनी शेवटी उशाला झिरोचा जुना बल्ब लावला. बिल वाढून आलं तेव्हा आप्पांनी घरभर टेस्टर फिरवला आणि आरोपी पकडला. "नाव झिरो, अन् खातोय पंधरा वॅट!" यात खोटं काहीच नव्हतं, त्या बल्बांचं झिरो हे नुसतं नावच. झिरो त्याच दिवशी उतरला. बारा जागेवर राहिले.

सध्या विश्रामबागेत साडूंच्या गच्चीवरच्या खोलीचं काम चाललंय. आप्पा सकाळच्या एसटीनं सांगलीला गेलेत. पिशवीत कंदी पेढे आणि नमुन्याला एक दिवा. साडूंची खोली जरा मोठी आहे, म्हणून आप्पांनी अठरा काढलेत.