हलकं सामान, जड बिल

डॅन्यूब दहा देशांतून वाहते. तिच्यावर बोटीने फिरणारा पर्यटक मात्र सगळी सहल चार शर्टांत उरकायची प्रतिज्ञा करून निघतो. ऱ्हाईन-माइन-डॅन्यूब कालव्याचे लॉक, म्हणजे पाणदरवाजे, 12 मीटर रुंद, म्हणून बोट त्याहून अरुंद, आणि केबिन तर बोटीहूनही काटकसरी. खोलीत इस्त्री लावायला आगीच्या भीतीने बंदी. धुलाईचा दर बहुधा नगावर. दरपत्रकात मोजेही मानाने बसलेले. मग हजारो युरो मोजून आलेली मंडळी बाहेर व्हिएन्ना सरकत असताना बेसिनमध्ये बनियन चुबकतात, टॉवेलात गुंडाळून पिळतात. डेकवर योहान श्ट्राउसचा याच नदीच्या नावाचा 1867 चा वॉल्ट्झ वाजतो. खाली त्याच तालावर साबण लागतो. नदीवर गेलं की धुणं आलंच. इथे फक्त घाटाचं भाडं युरोत असतं.