उद्गारचिन्हाच्या गावाला

इंटरजेक्शन हा इंग्रजी व्याकरणातला आठवा आणि शेवटचा शब्दप्रकार. मराठीतल्या केवलप्रयोगी अव्ययाचा सख्खा भाऊ. कर्त्याशी नाते नाही, क्रियापदाशी देणेघेणे नाही. भावना सौम्य असेल तर पुढे स्वल्पविराम द्यायचा. तीव्र असेल तर उद्गारचिन्ह, आणि पुढचे वाक्य मोठ्या अक्षराने सुरू करायचे. शालेय व्याकरणात हे प्रकरण अर्ध्या पानात उरकते आणि प्रवासी ‘हुर्रे’ व ‘अलास’ एवढ्या शिदोरीवर लंडनला उतरतो. म्हणजे सामना जिंकला किंवा कोणी वारले, तरच त्याला तोंड उघडता येते.

पॅडिंग्टन स्थानकात शिदोरी संपते. तिथे पाय तुडवणारा ‘सॉरी’ म्हणतो आणि ज्याचा पाय तुडवला तोही ‘सॉरी’च म्हणतो, खरी कळ आली तरच ‘आउच’. हातातला कप पडला की ‘ऊप्स’, मग कॉफी कुणाच्याही पँटवर सांडलेली असो. ‘ओह’ एकच, पण सूर चढला तर आश्चर्य, उतरला तर निराशा, आणि लांबला तर ‘असं होय!’. ‘ब्लायमी’ ऐकायला निरुपद्रवी वाटते, पण मुळात ती ‘देव मला आंधळा करो’ अशी जबर शपथ आहे. ‘गॉश’ आणि ‘गॉली’ ही देवाच्याच नावाची मोडलेली रूपे. नवऱ्याचे नाव उखाण्यात गुंडाळून घ्यावे, तशी देवाच्या नावाची ही सोय.

उत्तरेकडे जाणाऱ्याला सगळे नव्याने शिकावे लागते. यॉर्कशरमध्ये ‘ए अप’ म्हणून स्वागत होते, स्कॉटलंडमध्ये ‘ऑख’ म्हणून सुस्कारा टाकतात. न्यूकॅसलचे फुटबॉलवेडे ‘हाउवे’ ओरडतात, शेजारच्या संडरलंडचे ‘हावे’. या एका स्वराची अदलाबदल करून पाहणाऱ्याने परतीचे तिकीट आधी काढलेले बरे.

अभ्यासूने मात्र पश्चिमेला जावे. पॅडिंग्टनहून रेल्वेने एक्झिटर, तिथून शाखामार्गाने बार्न्स्टपल आणि पुढे बसने बिडेफर्डमार्गे डेव्हनच्या किनाऱ्यावर ‘वेस्टवर्ड हो!’ हे गाव लागते. त्यातले उद्गारचिन्ह हा नावाचा अधिकृत भाग आहे. ब्रिटनमध्ये असे दुसरे गाव नाही. (कॅनडातल्या क्यूबेकमध्ये सें-लुई-द्यू-हा! हा! नावाचे गाव आहे आणि तिथे चिन्हे दोन, पण ती हाव झाली.) टेम्स नदीवरचे नावाडी पश्चिमेकडच्या उतारूंना ‘वेस्टवर्ड हो’ अशी हाळी देत. तीच चार्ल्स किंग्जलीने १८५५ मध्ये कादंबरीला नाव म्हणून दिली. पुस्तक तुफान खपले, तेव्हा काही धंदेवाईक मंडळींनी त्याच परिसरात हॉटेल आणि बंगले बांधले आणि नाव उद्गारचिन्हासकट उचलले. कादंबरीवरून गावे ओळखली जातात. इथे कादंबरीवरून गाव वसवले गेले.

व्याकरणाचे हाल इथून पुढे. या गावाचे नाव वाक्याच्या मध्ये आले की उद्गारचिन्हानंतरही मोठे अक्षर येत नाही. गावाविषयी प्रश्न विचारला तर उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह खांद्याला खांदा लावून उभे राहतात. आणि वाक्याबाहेर राहणारा शब्द इथे विशेषनाम होऊन खुशाल कर्ता बनतो. मुंबईत जन्मलेल्या रुड्यार्ड किपलिंगचे शिक्षण १८७८ ते १८८२ या काळात याच गावात झाले. एवढे उद्गार पत्त्यातच मिळाल्यावर तो लेखक झाला यात नवल नाही.

गावाला स्वतःची रेल्वेही होती. ती १९०१ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, बंद पडली. आता बसच धरावी लागते. तिकीट काढताना गावाचे नाव साध्या आवाजात घ्यावे, चिन्ह फक्त लिहिण्यापुरते आहे. आणि उतरताना चालकाला ‘चिअर्स’ म्हणायला विसरू नये.